डावीकडे बघणारा हंस

१

२०२३ सालची ही गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती आणि फराळाच्या डब्यात नुसता शेवेचा चुरा उरला होता. आमच्या वरच्या खोलीत तेव्हा वेदिका राहायची. हरसूलची मुलगी. वडिलांचं तिथे किराणा दुकान. ही नाशिकला चित्रकला शिकायला आलेली आणि भाड्यापेक्षा गप्पाच जास्त देणारी.

त्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका कलादालनात चित्रांची स्पर्धा होती. विषय होता ‘मला पडलेलं स्वप्न’. पहिल्या येणाऱ्याला बडोद्याला वर्षभर शिकायची सोय, राहण्याजेवणासकट. वेदिकाच्या वडिलांनी आधीच बजावलं होतं, “हे जमलं तर जा, नाहीतर घरी ये आणि दुकानात बस.” त्यामुळे आमच्या घरात परीक्षेच्या निकालासारखं वातावरण होतं.

शनिवारी सकाळी प्रदर्शन उघडलं. मी आणि माझी नणंद सुधा नटूनथटून गेलो. सुधा माझ्याहून लहान, पण सत्तरी ओलांडलेली. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं ऐकायची तिला पगारी सवय. आमचे हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्रच राहतो.

दालनात एका चित्रात माशाने छत्री धरली होती, दुसऱ्यात भाकरीला डोळे होते आणि त्यातला एक मिटलेला.

“वहिनी, रात्री अपचन झालेलं दिसतंय सगळ्यांना,” सुधा म्हणाली.

वेदिकाचं चित्र मात्र दिसेना. शेवटी कोपऱ्यात तिचं नाव दिसलं. नावाच्या वर चित्र होतं, पण उलटं टांगलेलं. तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. शाळेत वर्गात उभं करतात ना, तसं.

बाजूच्या खुर्चीत वेदिका बसली होती. रडून रडून नाक लाल.

“आजी,” ती म्हणाली, “मी चोरी केली म्हणतात.”

२

परीक्षक पुण्याहून आल्या होत्या. स्नेहा नाव, चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं स्वच्छ. त्यांनी आम्हाला आत नेलं आणि दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली.

पहिलं चित्र चिंतामण सरांचं. वेदिका त्यांच्याच क्लासला जायची. साठीचा माणूस, नाशकात बरंच नाव. चित्रात निळा समुद्र होता. त्यातून एक जिना निघून उजवीकडे चढत थेट चंद्रापर्यंत गेलेला. जिन्याच्या पायथ्याशी हंस, तोही उजवीकडे बघणारा. जिन्याची मधली एक पायरीच नव्हती, तिथे नुसती मातकट फट. आणि पुढे एक माणूस उभा होता. त्याला डोकं नव्हतं, पाय तीन होते आणि अंगावर काळं कापड होतं.

दुसरं वेदिकाचं. तोच समुद्र, तोच चंद्र, तोच हंस, तोच जिना. मधली पायरी इथेही गायब. फक्त सगळं उलट्या बाजूला: जिना डावीकडे चढलेला, हंस डावीकडे बघणारा. तीन पायांचा माणूस नव्हता. त्याऐवजी खाली एक पांढरी टेकडी होती आणि टेकडीच्या शेंड्यावर वेदिकाचंच लहानपणचं डोकं. हात नाहीत, पाय नाहीत. कानाशी चांदीचा पक्षी चोच वासून बसलेला आणि वरून काळी पिसं गळत होती.

जिना मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण या वयात मला बरंच काही पाहिल्यासारखं वाटतं, म्हणून गप्प बसले.

“हे बघा,” स्नेहाबाई म्हणाल्या, “अतिवास्तववादी चित्रकारांचा सगळा डाव स्वप्नावर असतो. जागेपणी आपण जे दाबून ठेवतो, ते झोपेत वेष बदलून येतं. ते जसंच्या तसं कॅनव्हासवर उतरवायचं, तर्क मध्ये आणायचा नाही. म्हणून स्वप्न ज्याचं त्याचं असतं. ते दुसऱ्याला पडू शकत नाही. त्यात ती गळलेली पायरी! एवढी बारीक गोष्ट दोघांच्या स्वप्नात?”

“पण हिचं चित्र उलटं आहे,” मी म्हणाले.

“तीच तर लबाडी. आता मोबाईलमध्ये एक बटण दाबलं की चित्र उलटं होतं. उद्या दुपारी निकाल आहे. तोवर समाधानकारक खुलासा मिळाला नाही तर मला तिचं नाव काढावं लागेल. आणि का काढलं तेही सांगावं लागेल.”

हरसूलला ही बातमी पोचायला निम्मी दुपारही लागली नसती.

सुधा इतका वेळ चष्मा नाकाच्या टोकावर आणून दोन्ही चित्रं बघत होती. ती म्हणाली, “बाई, लपवायचंच होतं तर हिने ती पायरी रंगवून टाकली असती की. सगळ्यात आधी जी नजरेला येते तीच खूण कोण ठेवेल?”

स्नेहाबाई सुधाकडे वळल्या. “मग तुमचं म्हणणं काय?”

“अजून काही नाही,” सुधा म्हणाली. “पण उद्या दुपारपर्यंत असेल.”

३

चिंतामण सरांचा क्लास जवळच होता. स्पर्धेच्या आधी त्यांचं चित्र तिथे कपाटात, चादरीत गुंडाळून ठेवलेलं असायचं. किल्ल्या दोन. एक सरांकडे आणि एक समर्थकडे. समर्थ म्हणजे सरांचा सहायक, तिशीचा गडी, रंग आणणं, वर्ग उघडणं ही त्याची कामं.

“मी कपाट उघडलंच नाही,” आम्ही काही विचारायच्या आत तो म्हणाला.

सुधाने चादर खिडकीपाशी नेली. काठावर पिवळी बोटं उमटली होती.

“हा रंग कुठला रे?”

“क… कॅडमियम यलो.”

तिने चादर नाकाशी नेली. “याला हिंगाचा वास येतोय.”

समर्थचे कान लाल झाले. मग कळलं की सरांना वर्गात खाल्लेलं चालत नाही, म्हणून हा पठ्ठ्या आपला चिवड्याचा डबा कपाटात दडवून ठेवत होता आणि मधूनमधून बकाणा भरत होता.

“चित्र कुणाला दाखवलंस?”

“आईशप्पथ नाही, आजी. चित्र पाठीमागे होतं. मी फक्त डब्यापर्यंत हात घालायचो. आणि कुणाला बोलावलं असतं तर चिवडा द्यावा लागला असता.”

हे मात्र मला पटलं. पण सुधा म्हणाली, “पटलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, वहिनी. चल, सरांना भेटू.”

सर आतल्या खोलीत पाठमोरे बसले होते. वेदिका दाराशीच उभी राहिली.

“मी तिच्यावर आळ घेतलेला नाही,” ते न वळता म्हणाले.

“नाकारलाही नाहीत,” सुधा म्हणाली. “बरं, मी उलटं विचारते. तुम्हीच हिचं चित्र चोरलं नाहीत कशावरून?”

सर ताडकन वळले. मला वाटलं, आता आम्हाला हाकलतात. पण ते हसले, थोडंसं.

“बाई, मला हे स्वप्न शाळेत होतो तेव्हापासून पडतं. मालेगावात. सगळे लोक पुतळ्यासारखे होतात, कुणीतरी ओरडतं, ‘हलू नका, श्वास धरा!’ आणि मी घुसमटून जागा होतो.”

“नाशिकला कधी आलात?”

“कॉलेजला. त्याआधी नाही.”

सुधाने वेदिकाकडे पाहिलं. “आणि तुझ्या स्वप्नात कोण ओरडतं गं?”

“कुणीच नाही,” वेदिका म्हणाली. “मीच रडत असते. आवाज फक्त त्या पक्ष्याचा, चोचीचा. कच कच. आणि जाग आली ना, की डोक्याला गार वाटतं. मी घाबरून आधी केसांना हात लावते, आहेत का म्हणून.”

सुधा एकदम उभी राहिली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नको त्या दोन लाईनी जुळल्यावर ती अशीच उभी राहत असणार.

“घरी चल, वहिनी. तुझं डोकं लागणार आहे मला.”

४

घरी येऊन तिने मला चहा करू दिला, पण बसू दिलं नाही.

“सांग. माणूस स्वतःचा चेहरा समोरून कधी बघतो?”

“आरशात.”

“आरशात डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. वेदिकाने चित्र उलटं केलेलं नाही. तिने ते मुळात उलटंच पाहिलंय. पांढरी टेकडी म्हणजे काय? गळ्याभोवती बांधलेलं कापड. त्यातून हात कुठून दिसणार! काळी पिसं म्हणजे केस. चांदीचा पक्षी?”

“कात्री!” मी ओरडले, आणि दूध उतू गेलं.

“न्हाव्याच्या खुर्चीत बसलेली लहान मुलगी. आता सरांचं बघ. डोकं नाही, तीन पाय, वर काळं कापड, आणि ‘हलू नका, श्वास धरा’.”

“जुना फोटोग्राफर. तिवईवरचा कॅमेरा, आणि हा कापडात डोकं खुपसून उभा.”

“म्हणजे समुद्र, हंस, जिना हा फोटोच्या मागचा पडदा. एकाने तो सरळ पाहिला, एकीने आरशात. स्वप्न दोन आहेत, वहिनी. पडदा एक. आता तू सांग, या गावात केस कापणं आणि फोटो काढणं एकाच खोलीत कुठे चालायचं?”

तिला नाशिक तुटक आठवतं, कारण तिचं निम्मं आयुष्य बदल्यांत गेलं. मी मात्र लग्न होऊन आले ती इथेच. आणि तेव्हा मला तो जिना कुठे पाहिला होता ते आठवलं.

मेन रोडच्या आत एका गल्लीत ‘ज्योत्स्ना फोटो’ होतं. साडू-साडूंचं दुकान. एका भिंतीला पुंजाभाऊंची न्हाव्याची खुर्ची आणि आरसा, समोरच्या भिंतीला पडदा, मध्ये बसायला बाक. त्याचं कारण होतं जावळ. मुलाचं जावळ काढायचं म्हणजे मामाच्या मांडीवर बसवायचं, आणि आईचा जीव त्या केसांत अडकलेला. म्हणून कात्री लागायच्या आधी केसांसकट एक फोटो हवाच. पुष्कळजण गोदावरीच्या काठावर जायचे, पण ज्यांना फोटोही हवा असायचा ते सगळे या दुकानात. आमच्या थोरल्याचंही तिथेच झालं. तो इतका रडला होता की फोटोत त्याची नुसती पडजीभ दिसते.

मी वेदिकाला हाक मारली. “तुझं जावळ कुठे काढलं गं?”

“काय माहीत, आजी. नवसाचं होतं, पाचव्या वर्षी काढलं एवढं माहितीये.”

तिने तिथूनच हरसूलला मामाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“नाशिकलाच काढलं ना!” मामा म्हणाला. “तुझी आई फोटोसाठी अडून बसली. तू लय रडली, माझं धोतर भिजवलं. आता काय झालं? परत काढायचं हाय का?”

वेदिका रडता रडता हसली. मी कपाटातून थोरल्याचा फोटो काढला. समुद्र होता, चंद्र होता, उजवीकडे बघणारा हंस होता, उजवीकडे चढणारा जिना होता.

पण जिना मधोमध दिसतच नव्हता. तिथे आमचे चिरंजीव बोंबलत उभे होते.

सुधाने फोटो पालथा ठेवला. “पायरीच दिसत नाही. आणि स्नेहाबाई पायरीवरच अडल्या आहेत.”

५

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने देवळाली कॅम्पला गेलो. फोटोग्राफर साडू कधीच वारले होते आणि दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं. पण पुंजाभाऊ लेकीकडे असतात असं कुणीतरी सांगितलं. नव्वदीला टेकलेले, पण दाढी गुळगुळीत.

“पडदा?” ते म्हणाले. “हाय की. काढ गं तो.”

त्यांची लेक बाहेर गेली आणि अंगणातल्या स्कूटरवरचं आवरण ओढून घेऊन आली.

आम्ही ते जमिनीवर पसरलं. उन्हापावसाने रंग उडाले होते, हंसाच्या पोटावर ग्रीस लागलं होतं. पण जिना स्वच्छ दिसत होता. आणि मधली एक पायरी नव्हती. तिथे नुसतं कोरं, मातकट कापड.

“ही पायरी कुठे गेली?” सुधाने विचारलं.

पुंजाभाऊ खो-खो हसले. “रंगवलीच नाही! पेंटरचं आणि आमच्या साडूचं वाजलं. पेंटर म्हणाला, रसवंतीवर जाऊन येतो, डोकं थंड करून. तो जो गेला तो आलाच नाही. साडू म्हणाला, राहू दे, गिऱ्हाईक तिथंच उभं राहतं, कुणाला दिसतंय! आणि खरंच, फोटोत कधी कुणाला दिसलं नाही. बाकावर बसलेल्याला दिसायचं, आणि माझ्या खुर्चीतल्याला, आरशातून. पोरं ते बघायची आणि ज्यादाच रडायची. मी म्हणायचो, बघ, नीट बस, नाहीतर त्या भोकातून बागुलबुवा येईल.”

वेदिकाने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला त्यांची दया आली.

“मी होते ती,” ती म्हणाली.

“असशील बाई. हजार पोरं रडवली मी.”

आता एकच दुवा राहिला होता. चिंतामण सर तर नाशिकला कॉलेजातच आले म्हणत होते. मग शाळेच्या वयात त्यांनी हा पडदा बाकावर बसून पाहिला कधी?

६

दुपारी दालनात गर्दी होती. स्नेहाबाई, सर, समर्थ आणि बरेच बघे. पुंजाभाऊंना खुर्ची दिली. पडदा दोघांनी धरून उभा केला आणि त्याच्या बाजूला सरांचं चित्र ठेवलं. कुणीतरी ‘अगं बाई!’ म्हणालं. मग सुधाने दालनाच्या बेसिनवरचा आरसा उतरवून आणवला आणि पडद्यासमोर धरायला लावला. शेजारी वेदिकाचं चित्र. आरशातला हंस डावीकडे बघत होता. चित्रातलाही.

सर पडद्यासमोर खिळल्यासारखे उभे होते. “पण मी इथे कधी आलोच नाही,” ते पुटपुटले.

“घरी मोठं कोण आहे तुमच्या?” सुधाने विचारलं.

त्यांची थोरली बहीण मालेगावला होती. सरांनी फोन लावला. बहिणीचा आवाज असा खणखणीत की स्पीकरची गरजच पडली नाही.

“अरे, मोठ्या काकांच्या लग्नानंतर सगळे नाशिकले फोटो काढाले गेलतो ना! तुले याद नही का? तू बाकवर बसेल व्हता. फोटोत ये म्हनं तर तू भोकाड पसरेल. म्हणून तर तू त्या फोटोत नही शे!”

दालनात एवढा हशा पिकला की भाकरीचा मिटलेला डोळाही उघडला असेल. सर स्वतः हसत होते आणि डोळे पुसत होते.

स्नेहाबाई मात्र हसत नव्हत्या. “म्हणजे दोघांनीही एका फोटोग्राफरच्या पडद्याची नक्कल केली,” त्या म्हणाल्या. “मग दोघांनाही बाद करायला हवं.”

वेदिकाने माझा हात घट्ट धरला.

“पडदा बघा, बाई,” सुधा शांतपणे म्हणाली. “यात टेकडी कुठे आहे? पक्षी कुठे आहे? पिसं? ते पडद्यावर नाही. ते खुर्चीत बसलेल्या पोरीच्या भीतीत होतं. कापडाची टेकडी झाली, कात्रीचा पक्षी झाला. तुम्हीच काल म्हणालात, दाबलेलं झोपेत वेष बदलून येतं. वेष पोरीने बदलला. सरांनी त्यांचा बदलला. कच्चा माल एका दुकानातला असला म्हणून स्वयंपाक एक होत नाही. आणि स्वप्नाला कच्चा माल लागतो हो. आभाळातून कुणाला काय पडणार?”

स्नेहाबाई दोन्ही चित्रांपुढे गेल्या. एकदा वाकून त्या टेकडीकडे पाहिलं, मग पिसांकडे. मग त्या सरांकडे वळल्या, पण त्यांनी काही विचारायच्या आतच सर बोलले.

“मी तीन पायांचा माणूस पाहिला आणि तीन पायांचाच काढला. हिने कापडाची टेकडी केली. माझं चित्र स्पर्धेतून काढा. आणि वेदिका, काल मी गप्प बसलो, ते चुकलं.”

“गप्प बसलात म्हणून मला जास्त लागलं, सर,” वेदिका म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण ऐकू येईल असं.

स्नेहाबाईंनी स्वतःच्या हाताने वेदिकाचं चित्र उचललं आणि मधल्या भिंतीवर, तोंड लोकांकडे करून टांगलं.

७

वेदिका पहिली आली आणि बडोद्याला गेली. वडील तिला सोडायला स्टेशनवर आले होते. दुकानातल्या गुळाची ढेप त्यांनी पोतडीत भरून दिली. चित्रकारांना लागतेच म्हणाले.

समर्थने क्लास सोडला आणि कॉलेज रोडला चहा-चिवड्याची गाडी टाकली. तिथे कपाट नाही, सगळं उघड्यावर चालतं.

पुंजाभाऊ दुसऱ्या उन्हाळ्यात गेले, झोपेत. लेकीने स्कूटरला नवं आवरण घेतलं आणि पडदा स्नेहाबाई पुण्याला घेऊन गेल्या. आता त्या स्वप्नातल्या प्रतिमांवर भाषण करतात तेव्हा तो मागे लावतात आणि मधोमध उभ्या राहतात, त्यामुळे पायरी कुणालाच दिसत नाही.

चिंतामण सर दर महिन्याला आमच्याकडे येतात आणि दर वेळी सुधाशी भांडतात. त्यांना ते स्वप्न पडायचं बंद झालंय. “पन्नास वर्षांचं स्वप्न तुम्ही एका रविवारात मोडलंत,” म्हणतात. सुधा त्यांना थालीपीठ वाढते आणि म्हणते, “रात्री जड जेवा, दुसरं पडेल.”

वेदिकाचंही ते थांबलं, पण तिने तक्रार केली नाही. गेल्या दिवाळीला ती आली. केस कमरेपर्यंत वाढवलेत. गच्चीवर माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “आजी, आता नवीनच पडायला लागलंय. एक मोठी विहीर असते, आणि तिच्यात…”

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोल, बाई. सुधा खालीच आहे. तिने ऐकलं तर ती विहीर कुठल्या गावात आहे ते उद्या दुपारपर्यंत शोधून काढेल.”

मग तिने ते माझ्या कानात सांगितलं. मी कुणाला सांगणार नाही.